बिल्ला कुणाच्या गळ्यात?
पाळीव कुत्र्यांच्या परवान्याचा वाद कुठवर आला, त्याचा आढावा

मुंबई, पुणे किंवा नागपुरात कुत्रा पाळायचा तर महापालिकेचा परवाना लागतो. ही गोष्ट अनेक श्वानमालकांना पहिल्यांदा कळते ती सोसायटीच्या सभेत. लिफ्टमधून कुत्रा नेण्यावरून वाद पेटलेला असतो, आवाज चढलेले असतात आणि मागच्या खुर्चीवरून कोणीतरी विचारतो, ‘‘परवाना आहे का तुमच्याकडे?’’ मग धावाधाव सुरू होते. अर्ज तसा साधाच असतो. मालकाचे नाव-पत्ता, कुत्र्याची जात, रंग, वय, रेबीजची लस टोचल्याचा पशुवैद्यकाचा दाखला आणि किरकोळ फी. बदल्यात एक क्रमांक मिळतो आणि काही ठिकाणी गळपट्ट्याला अडकवायचा बिल्ला. मुदत संपली की नूतनीकरण.

एवढ्याशा कागदावर गेल्या काही वर्षांत बरेच ओझे येऊन पडले आहे. चावलेल्या कुत्र्याचा मालक कोण, अमुक जातीचा कुत्रा शहरात असावा का, गल्लीतल्या कुत्र्याला रोज पोळी घालणारा त्याचा मालक ठरतो का, दृष्टिहीन माणसाच्या मार्गदर्शक कुत्र्याला उपाहारगृहात प्रवेश मिळावा का, नैराश्याच्या रुग्णाला धीर देणाऱ्या कुत्र्याचा दर्जा वेगळा मानावा का, या सगळ्यांची उत्तरे परवान्याकडून मागितली जाताहेत. मुळात तो यांतल्या एकाही प्रश्नासाठी जन्माला आलेला नव्हता.

आधी कर, मग लस

कुत्र्याची सरकारी नोंद सुरू झाली ती महसुलासाठी. ब्रिटनने १७९६ मध्ये कुत्र्यांवर कर बसवला, तेव्हा फ्रान्सशी युद्ध चालू होते आणि तिजोरीला पैसा हवा होता. १८६७ पासून तिथे पाच शिलिंगांचा वार्षिक परवाना आला. पुढे तो शंभराहून अधिक वर्षे टिकला आणि १९८७ मध्ये रद्द झाला, तेव्हा त्याची फी अवघी ३७ पेन्स होती. गोळा होणाऱ्या रकमेपेक्षा ती गोळा करण्याचा खर्च जास्त होता आणि निम्म्याच्या आसपास मालक परवाना काढतच नव्हते. जर्मनीत मात्र हा कर आजही जोरात आहे. तो नगरपालिकांच्या वाट्याला जातो आणि दर शहरागणिक बदलतो. बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्यासाठी वर्षाला १२० युरो, दुसऱ्यापासून प्रत्येकी १८० युरो. देशभरातून जर्मन नगरपालिकांना यातून वर्षाकाठी ४० कोटी युरोंहून अधिक मिळतात. बर्लिनच्या दराची आणि आपल्याकडच्या फीची तुलना केली, तर आपल्या महापालिका या परवान्याकडे उत्पन्न म्हणून पाहतच नाहीत हे उघड होते.

कर म्हटला की विरोध आलाच. न्यूझीलंडमध्ये १८८० च्या कायद्याने कुत्र्यांची नोंदणी आणि शुल्क आले. माओरी समाजाला ते आपल्या जगण्यावरचे आक्रमण वाटले. १८९८ मध्ये होकियांगा भागात होने तोइआ यांच्या नेतृत्वाखाली सशस्त्र प्रतिकार झाला. इतिहासात त्याला ‘श्वानकर युद्ध’ म्हणतात. प्रत्यक्ष युद्ध टळले, पण नाव राहिले. दक्षिण-पश्चिम आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, बोंडेलस्वार्ट जमातीची कुत्री शिकारीसाठी होती. त्यांच्यावरचा वाढीव कर हे १९२२ च्या उठावाचे एक मोठे कारण ठरले. तो उठाव विमानातून बॉम्ब टाकून मोडण्यात आला आणि शंभराच्या आसपास माणसे मारली गेली.

मुंबईची गोष्ट याहून जुनी आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचा नियम होता आणि कुत्र्यामागे इनाम मिळे. इनामाच्या लोभाने शिपाई आवारात, घरात शिरून पाळलेली कुत्रीही उचलू लागले. ६ जून १८३२ रोजी, पारशांच्या एका पवित्र दिवशी, कोटात पारशी जमावाने शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली आणि कुलाब्याच्या छावणीची रसद अडली. पारशी धर्मविधीत कुत्र्याला विशेष स्थान असल्याने प्रकरण निव्वळ दयेचे नव्हते. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. कुत्रा पाळलेला आहे की बेवारस, हे रस्त्यावर उभ्या असलेल्या शिपायाला ओळखता येत नव्हते, हा या दंगलीतला प्रशासकीय धडा. गळ्यातला बिल्ला हे त्याच अडचणीवरचे नंतरचे उत्तर.

पाश्चरने १८८५ मध्ये माणसावर रेबीजच्या लशीचा यशस्वी वापर केला आणि विसाव्या शतकात कुत्र्यांसाठी लशी आल्या. तेव्हापासून परवान्याचा हेतू हळूहळू बदलत गेला. तिजोरीपेक्षा आरोग्य खात्याला त्याची गरज अधिक वाटू लागली आणि लशीचा दाखला नसेल तर परवाना नाही, असा नियम जगभरच्या शहरांत रुजला.

कायद्याच्या कपाटात

भारतात कुत्र्याच्या परवान्याचा एकच केंद्रीय कायदा नाही. विषय स्थानिक संस्थांचा आहे. मुंबईला १८८८ चा महापालिका अधिनियम लागू होतो, तर राज्यातल्या इतर महापालिकांना १९४९ चा. या दुसऱ्या कायद्यात महापालिकेला हवे असल्यास बसवता येतील अशा करांमध्ये कुत्र्यांवरील कराचा उल्लेख आजही आहे. दिल्लीच्या १९५७ च्या कायद्यात नोंदणी, धातूचा बिल्ला असलेला गळपट्टा आणि बिनबिल्ल्याचा कुत्रा पकडण्याचा अधिकार, अशी सविस्तर तरतूद आहे.

वरून केंद्राचे नियम येतात, पण वेगळ्या दाराने. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याखाली २००१ मध्ये श्वान जन्मनियंत्रणाचे नियम झाले. त्यांत पाळीव कुत्र्याचे लसीकरण, निर्बीजीकरण आणि स्थानिक कायद्यानुसार परवाना ही मालकाची जबाबदारी ठरली. मार्च २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली आणि लसीकरण-निर्बीजीकरणाचे दायित्व मालकाकडेच राहिले. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी २०१७ चे, तर पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे वेगळे नियम आहेत. कुत्रा कुणाला चावला आणि त्यात मालकाचा निष्काळजीपणा दिसला, तर भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ आहे. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

यात एक गोष्ट सहज निसटते. परवाना नसणे हा एक दोष आणि कुत्रा सांभाळण्यात हयगय हा दुसरा. परवाना असला म्हणून चाव्याची जबाबदारी टळत नाही. परवाना नसला म्हणून कुत्रा घराबाहेर काढण्याचा अधिकार सोसायटीलाही मिळत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या परिपत्रकात स्पष्ट केले की, बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही आणि लिफ्टच्या वापरासाठी जादा पैसेही आकारता येत नाहीत. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तशाच बंदीला अवैध ठरवले. सभांमधून मात्र हे परिपत्रक आणि परवाना, दोन्हींचा वापर ढालीसारखा होतो आणि मूळ तक्रार, बहुधा जिन्यातल्या शीची किंवा रात्रीच्या भुंकण्याची, तशीच राहते.

नोंदणी हवी म्हणणारे

नोंदणीचा आग्रह धरणाऱ्यांत पालिकांचे पशुवैद्यकीय अधिकारी, सार्वजनिक आरोग्यातले तज्ज्ञ, चाव्याला बळी पडलेली कुटुंबे आणि बरेच जबाबदार श्वानमालकही आहेत. त्यांचा पहिला मुद्दा आकड्यांचा. २०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या सुमारे ३७ लाख घटना नोंदल्या गेल्या. त्यांतले किती चावे पाळीव कुत्र्यांचे, याचे उत्तर नोंदणीशिवाय देता येत नाही. दुसरा मुद्दा, हरवलेला कुत्रा घरी पोहोचण्याचा. तिसरा, शुल्कातून वळण लावण्याचा. न्यूयॉर्क शहरात निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्याचा परवाना साडेआठ डॉलरला मिळतो, न झालेल्याचा ३४ डॉलरला. हा फरक बघून मालक काय करेल, ते वेगळे सांगायला नको.

या बाजूचे आवडते उदाहरण कॅनडातील कॅलगरीचे. तिथे २००६ मध्ये ‘जबाबदार पाळीव प्राणी मालकी’ या नावाने उपविधी आला. पुढच्या काही वर्षांत नोंदणीचे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास गेल्याचे तिथले अधिकारी सांगत. युक्ती अशी की, बिल्ला असलेला कुत्रा भटकताना सापडला तर तो कोंडवाड्यात न नेता थेट घरी पोहोचवायचा. शुल्काचे पैसे प्राण्यांच्या सेवांवरच खर्च व्हायचे. मालकाला फीच्या बदल्यात काही तरी हाती लागते, असे दिसले की रांग लागते, हा तिथला अनुभव.

आपल्याकडेही या दिशेने काही पावले पडली आहेत. मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला पाळीव प्राण्यांसाठी दहनभट्टी सुरू केली. ज्यांनी कुत्रा गमावल्यावर रात्री जागा शोधत वणवण केली आहे, त्यांना या सोयीची किंमत कळेल. पुण्याने २०२२ मध्ये मांजरांनाही नोंदणीच्या कक्षेत आणले, तेव्हा त्याची भरपूर चेष्टा झाली. रेबीज मांजरालाही होतो, हे चेष्टा करणाऱ्यांच्या लक्षात आले की नाही, कोण जाणे. नोएडाने नोंदणीची मुदत घालून दिली आणि कुत्र्याने कुणाला इजा केल्यास मालकाला दहा हजार रुपये दंड आणि उपचाराचा खर्च, असा नियम केला. चेन्नईने २०२५ मध्ये परवान्याला मायक्रोचिप जोडली. फी ५० रुपये आणि परवाना नसल्यास दंड पाच हजार.

शंका घेणारे

विरोधकांमध्ये दोन वेगळे गट आहेत आणि त्यांची गल्लत होऊ नये. एक गट प्राणिप्रेमी संघटनांचा. परवान्याला त्यांचा तत्त्वतः विरोध नाही. परवान्याच्या आडून संख्या आणि जातींवर बंधने येतात, अशी त्यांची तक्रार आहे. बेंगळुरूचे २०१८ चे उपविधी हे त्यांच्या हातातले ठळक उदाहरण. सदनिकेत एकच कुत्रा, स्वतंत्र घरात तीन, आणि सदनिकेसाठी ‘योग्य’ जातींची यादी, अशा त्यांत तरतुदी होत्या. आधीपासून दोन कुत्री असलेल्याने दुसऱ्याचे काय करावे, याला उत्तर नव्हते. ओरड झाल्यावर ते उपविधी बासनात गेले.

दुसरा गट प्रशासनाच्या अनुभवातून बोलणाऱ्यांचा. ज्याने लस टोचली, पट्टा बांधला, पिशवी घेऊन फिरायला गेला, तोच परवाना काढतो. ज्याच्यावर लक्ष ठेवायला हवे तो अर्ज करतच नाही. तपासणी करायला माणसे नाहीत, त्यामुळे दंड कागदावर राहतो. ब्रिटनने परवाना रद्द केला तो या कारणाने आणि इंग्लंडने एप्रिल २०१६ पासून मायक्रोचिप सक्तीची केली. उत्तर आयर्लंडने परवाना ठेवला आहे. फी साडेबारा पौंड आणि निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्याला पाच पौंड. एकाच राजवटीखाली दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालू आहेत, म्हणून अभ्यासकांना हे उदाहरण उपयोगी पडते.

रेबीजच्या बाबतीत या गटाचा मुद्दा अधिक वजनदार आहे आणि तो गोव्यातून येतो. तिथे २०१३ पासून सुरू झालेल्या मोहिमेत जाळी घेऊन गल्लोगल्ली फिरणाऱ्या पथकांनी भटक्या आणि पाळीव, दोन्ही कुत्र्यांना लस टोचली. शाळांमधून मुलांना सावधगिरी शिकवली आणि प्रत्येक संशयित प्रकरणाचा माग काढला. दर वर्षी सत्तर टक्के कुत्र्यांपर्यंत लस पोहोचवायची, हे लक्ष्य. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. या यशात परवान्याचा वाटा जवळपास शून्य. देशात २०१९ च्या पशुगणनेत सुमारे दीड कोटी भटकी कुत्री मोजली गेली. रोगाचा मुख्य साठा तिथे असताना दिवाणखान्यातल्या लॅब्राडॉरची नोंद करून काय साधणार, हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. नोंदणीवाले त्यावर म्हणतात की, दोन्ही कामे एकमेकांच्या आड येत नाहीत. तेही खरे.

जातीचा प्रश्न

जुलै २०२२ मध्ये लखनौत एका वृद्ध महिलेचा घरच्याच पिटबुलच्या हल्ल्यात मृत्यू झाला आणि चर्चेची दिशा बदलली. त्याच वर्षी गाझियाबादने पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो यांची नवी नोंदणी बंद केली. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय पशुसंवर्धन विभागाने तेवीस ‘हिंस्र’ जातींची यादी काढून राज्यांना त्यांचे परवाने देऊ नयेत असे कळवले. एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते परिपत्रक रद्द केले. मुख्य कारण, संबंधितांशी सल्लामसलत झालेली नव्हती. जाती धोकादायक आहेत की नाहीत, याचा निकाल त्यातून लागला नाही. मग गोव्यात हणजूणला एका मुलाचा पिटबुलच्या हल्ल्यात बळी गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये गोवा मंत्रिमंडळाने पिटबुल आणि रॉटवायलरवर बंदीचा निर्णय घेतला.

बाहेरचा पुरावा दोन्हीकडे ओढता येतो. नेदरलँड्सने १९९३ पासूनची पिटबुलबंदी चाव्यांचे प्रमाण घटत नाही म्हणून २००८ मध्ये मागे घेतली. ब्रिटनने काही जातींवर बंदी घालणारा १९९१ चा कायदा कायम ठेवून २०२४ पासून एक्सएल बुली या प्रकारालाही त्यात आणले. आधीपासून असलेल्या कुत्र्यांसाठी सूट-प्रमाणपत्र, निर्बीजीकरण, विमा आणि बाहेर मुसके, अशा अटी घातल्या. या अटी पाळल्या जातात का, हे बघायला यंत्रणा लागते. आपल्या वॉर्ड कार्यालयातल्या कारकुनाने संकरित पिल्लाचा फोटो बघून जात ठरवायची, ही कल्पना व्यवहारात किती टिकेल, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

गल्लीतला कुत्रा कुणाचा

परदेशी नमुन्यांत न बसणारा प्रश्न हा आहे. आपल्याकडे ‘पाळीव’ आणि ‘भटका’ यांच्या मधोमध फार मोठा वर्ग आहे. त्याचे नाव ठेवलेले असते, चहाच्या टपरीवर त्याला बिस्कीट मिळते, आजारी पडला तर चार जण मिळून दवाखान्यात नेतात, आणि रात्री तो रस्त्यावरच झोपतो.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने भूमिका घेतली की, भटक्या कुत्र्यांना खायला घालायचे असेल तर त्यांना रीतसर दत्तक घ्या, महापालिकेत नोंद करा, घरी न्या. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने या निर्देशाला स्थगिती दिली. पण त्यामागचा तर्क अनेकांना पटला होता आणि अनेकांना तो क्रूर वाटला होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्लीचा विषय आला. ११ तारखेला सगळी भटकी कुत्री निवाऱ्यात हलवण्याचा आदेश झाला. २२ तारखेला मोठ्या पीठाने तो बदलला. रेबीजची लागण झालेली किंवा आक्रमक कुत्री वगळता इतरांना नसबंदी आणि लस देऊन मूळ जागी सोडावे आणि खायला घालण्यासाठी जागा नेमून द्याव्यात, असे ठरले. प्राणिप्रेमींना महापालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेता येईल, मात्र तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्यांची, असेही आदेशात होते. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा ठिकाणची कुत्री हलवून तिथे परत न सोडण्याचे निर्देश आले.

दत्तक घेतलेल्या गावठी कुत्र्याचा परवाना काढताना काही पालिकांच्या अर्जात जातीचा रकाना भरायला ‘मिश्र’ किंवा ‘देशी’ लिहावे लागते. किरकोळ बाब, पण लॅब्राडॉर आणि पग यांना डोळ्यांसमोर ठेवून हा अर्ज बेतला गेला, हे त्यातून कळते. सामूहिक मालकीची नोंद कशी करायची, याचा रकाना कुठेच नाही.

मार्गदर्शक कुत्रा आणि धीर देणारा कुत्रा

सहायक कुत्र्यांचा प्रश्न सर्वांत तपशिलात सुटला, आणि सर्वांत जास्त गुंतलाही, तो अमेरिकेत. दृष्टिहीनांसाठी कुत्री शिकवण्याची पहिली शाळा जर्मनीत ओल्डेनबर्गला १९१६ मध्ये निघाली. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी ती होती. अमेरिकेतील ‘द सीइंग आय’ १९२९ ची. न्यू जर्सीत मॉरिसटाउनला आज तिचे काम चालते.

न्यू जर्सीचाच कायदा उदाहरणादाखल घेऊ. सात महिन्यांच्या वरच्या प्रत्येक कुत्र्याचा परवाना नगरपालिकेच्या कार्यालयातून काढावा लागतो. रेबीजची लस परवान्याच्या बारा महिन्यांपैकी किमान दहा महिने पुरणारी हवी. निर्बीजीकरण झालेले नसेल तर तीन डॉलर जादा. मार्गदर्शक आणि सेवा कुत्र्यांनाही परवाना लागतोच, फक्त त्यांची फी माफ. न्यूयॉर्क राज्यातही मार्गदर्शक, सेवा आणि पोलिस कुत्र्यांना फीतून सूट आहे, परवान्यातून नाही.

इथपर्यंत सगळे सरळ आहे. गुंता सुरू होतो तो दर्जाच्या प्रश्नाने. अमेरिकेच्या १९९० च्या अपंगत्व कायद्याच्या २०११ पासून लागू झालेल्या नियमांनुसार सेवा प्राणी म्हणजे अपंग व्यक्तीसाठी ठरावीक काम करायला शिकवलेला कुत्रा. रस्ता दाखवणे, फिट येण्याआधी सावध करणे, पडलेली वस्तू उचलून देणे, अशी ती कामे. केवळ सोबतीने बरे वाटत असेल तर तो या व्याख्येत येत नाही. दुकानदाराला दोनच प्रश्न विचारता येतात: कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि त्याला कोणते काम शिकवले आहे. प्रमाणपत्र मागता येत नाही, प्रात्यक्षिक मागता येत नाही. शहरालाही इतर कुत्र्यांसारखा परवाना आणि लस यांची सक्ती करता येते, पण ‘सेवा कुत्रा’ म्हणून वेगळी सक्तीची नोंदणी लादता येत नाही.

या उदार धोरणाचा फायदा ऑनलाइन विक्रेत्यांनी घेतला. लाल जॅकेट, ओळखपत्र, ‘राष्ट्रीय नोंदणी’चा क्रमांक असे सगळे पैसे भरून मिळते आणि यातल्या कशालाच कायदेशीर किंमत नाही. भावनिक आधाराच्या प्राण्यांना गृहनिर्माणाच्या कायद्यात मात्र जागा आहे. घरमालकाला त्यांच्यासाठी ‘प्राणी नको’ या नियमात सवलत द्यावी लागू शकते. विमानात त्यांना बराच काळ मोकळीक होती. २०१८ मध्ये नेवार्क विमानतळावर एका प्रवाशाला भावनिक आधाराचा मोर घेऊन चढू दिले नाही आणि ती बातमी जगभर गेली. डिसेंबर २०२० मध्ये परिवहन खात्याने नियम बदलला. भावनिक आधाराचे प्राणी सेवा प्राण्यांतून वगळले गेले आणि सेवा कुत्र्यांसाठी एकसारखा अर्ज आला.

राज्यांनी आपापले उपाय काढले. फ्लोरिडात सेवा प्राणी असल्याची खोटी बतावणी २०१५ पासून गुन्हा आहे आणि शिक्षेत तीस तासांची सामाजिक सेवाही येते. कॅलिफोर्नियाने २०२२ पासून भावनिक आधाराचे पत्र देण्याआधी उपचारकाचा रुग्णाशी किमान तीस दिवसांचा संबंध हवा, अशी अट घातली. तिथल्या अपंग संघटना या बदलांवर एकमताने बोलत नाहीत. बनावट कुत्र्यांमुळे खऱ्यांकडे संशयाने पाहिले जाते, असे काहींना वाटते. प्रत्येक नवा अर्ज म्हणजे अपंगत्व सिद्ध करण्याचा आणखी एक हेलपाटा, असे इतरांना. दोन्ही तक्रारी एकाच वेळी खऱ्या आहेत, म्हणूनच तिथले धोरण दर काही वर्षांनी हलते.

आपल्याकडे काय

अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा एकवीस प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता देतो. सहायक कुत्र्याची व्याख्या त्यात नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात भावनिक आधाराच्या प्राण्याचा उल्लेख नाही. दृष्टिहीन प्रवाशाच्या प्रशिक्षित कुत्र्यासाठी विमान कंपन्यांच्या नियमांत सोय सापडते, पण उपाहारगृह, रुग्णालय, रिक्षा यांच्या बाबतीत सगळे समोरच्या माणसाच्या मर्जीवर. पट्टीचे प्रशिक्षित कुत्रे तयार करणाऱ्या संस्था मोजक्या. त्यात आपले पदपथ असे की, मार्गदर्शक कुत्र्यालाच मार्गदर्शक लागावा. गल्लीतली मोकळी कुत्री अंगावर येण्याचा धोका वेगळाच.

प्राणी-साहाय्यित उपचारांचे काम मात्र वाढते आहे. मुंबईत ॲनिमल एंजल्स फाउंडेशनसारखी संस्था शाळा-रुग्णालयांतून हे काम करत आली आहे आणि मुंबई विमानतळावर २०२३ पासून प्रवाशांचा ताण हलका करायला कुत्री आणली जातात. पण उपचारक कुत्रा हा संस्थेचा, तो अनेकांना भेटतो. त्यामुळे एका व्यक्तीच्या हक्काचा प्रश्न तिथे उद्भवत नाही. भावनिक आधाराचे डॉक्टरांचे पत्र सोसायटीपुढे ठेवले जाते तेव्हा समितीला ते स्वीकारायचे की नाकारायचे, हे सांगणारा नियम नाही. खरे तर मालकाला त्या पत्राची गरजही नसते, कारण सरसकट बंदी मुळातच टिकत नाही. प्रश्न येतो तो भाड्याच्या घरात, कारण भाडेकराराला सोसायटीविषयीचे परिपत्रक लागू पडत नाही.

इथे दोन मते आहेत. एकाचे म्हणणे, परवान्याच्या अर्जात सहायक कुत्र्याचा वेगळा रकाना आणि फीमाफी आत्ताच ठेवावी, म्हणजे संख्या कळेल आणि कायद्याला पाया मिळेल. दुसऱ्याचे म्हणणे, आधी व्याख्या, प्रशिक्षणाचे निकष आणि प्रवेशाचा हक्क ठरवा. नाहीतर महापालिकेचा बिल्ला म्हणजेच हक्क, असा समज होऊन अमेरिकेतला बनावट ओळखपत्रांचा बाजार इथे नियमाच्या आधीच येईल. प्रस्तुत लेखकाला दुसरी बाजू अधिक सावध वाटते. मात्र त्या व्याख्येची आणि हक्काची वाट बघताना आज ज्या मोजक्या लोकांकडे असे कुत्रे आहेत, त्यांना दारादारात समजूत घालत फिरावे लागते.

काय अनिर्णित आहे

परवाना महापालिकेच्या हद्दीपुरता असतो. ठाण्यातला कुत्रा मालकाबरोबर पुण्याला राहायला गेला की नव्याने अर्ज, नवा क्रमांक. दोन पालिकांच्या नोंदवह्या एकमेकींशी बोलत नाहीत. मायक्रोचिपने हे सुटू शकते, कारण तिचा पंधरा अंकी क्रमांक आंतरराष्ट्रीय मानकाचा असतो आणि कुत्र्याबरोबर राहतो. पण चिप वाचणारे यंत्र आणि सामायिक माहितीसाठा नसेल, तर कातडीखालच्या त्या तांदळाच्या दाण्याएवढ्या तुकड्याचा उपयोग नाही. तो साठा राज्याने ठेवायचा की केंद्राने, त्यात मालकाचा पत्ता आणि फोन कुणाला दिसावा, याचा निर्णय झालेला नाही. ग्रामपंचायतींच्या हद्दीत वाडीवस्तीवरच्या राखणदार कुत्र्यांना हे सगळे लागू करायचे का, यावर तर चर्चाही क्वचित होते. पश्मी आणि कारवानी जातींची कुत्री पाळणारे मराठवाड्यातले धनगर शहरी अर्जाच्या कक्षेत बसणारे नाहीत.

शुल्क किती असावे, हाही मुद्दा मोकळाच आहे. फी वाढवली तर नोंदणी घटण्याची भीती आणि नाममात्र ठेवली तर तपासणीला पैसा नाही. निर्बीजीकरणाला सवलत देणारी चढती फी न्यूयॉर्कने आणि उत्तर आयर्लंडने अवलंबली आहे. आपल्याकडे तिचा पुरेसा प्रयोग झालेला नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये एकविसावी पशुगणना सुरू झाली. तिच्यातल्या पाळीव कुत्र्यांच्या शहरनिहाय संख्येशी महापालिकांनी दिलेले परवाने ताडून पाहिले, तर किती मालक नोंदणीबाहेर आहेत याचा अंदाज येईल. रेबीजमुळे होणारे मृत्यू २०३० पर्यंत शून्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा २०२१ चा आहे. त्याची मुदत जवळ येत असल्याने परवाना, चिप आणि गल्लीतले लसीकरण यांपैकी पैसा कुठे लावायचा, हे महापालिकांना पुढच्या काही अर्थसंकल्पांतच ठरवावे लागणार आहे.